पाठशुद्धी आणि सर्व्हिस मेनू

सॅमसंगचा सपाट पडद्याचा टीव्ही स्टँडबायवर असताना रिमोटवरची म्यूट, १, ८, २ आणि पॉवर ही बटणे याच क्रमाने आणि मध्ये न रेंगाळता दाबली, तर अनेक संचांवर असा एक पडदा उघडतो की जो त्या घरातल्या कोणीही कधी पाहिलेला नसतो. सोनीचा क्रम निराळा: डिस्प्ले, ५, आवाज वाढवण्याचे बटण, पॉवर. एलजीच्या बऱ्याच संचांत संचावरचे मेनूचे बटण आणि रिमोटवरचे तेच बटण एकाच वेळी काही सेकंद दाबून धरावे लागते. मग परवलीचा आकडा विचारला जातो. तो बहुधा ०००० किंवा ०४१३ असतो. चिनी युनिव्हर्सल बोर्ड बसवलेल्या कित्येक संचांत मेनू दाबून ११४७. क्रम चुकला किंवा बोट मंदावले की काहीच घडत नाही, टीव्ही रोजच्यासारखा सुरू होतो आणि आपण काही वेगळे करू पाहत होतो याची खूणही उरत नाही. आमच्या परिचयाच्या एका टीव्ही दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांच्या वहीत असे क्रम पानोपानी लिहिलेले आहेत. ती वही ते कोणाच्या हाती देत नाहीत. वास्तविक यात गुपित असे काही नाही. कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत हे सारे छापलेले असते. घरातल्या माणसाने चुकूनही तेथे पोहोचू नये, एवढीच योजना असते.

या पडद्याला धंद्यात सर्व्हिस मेनू म्हणतात. 'सेवा' म्हटले तर मराठीत भलताच भाव येतो आणि 'दुरुस्ती' म्हटले तर निम्मा अर्थ निसटतो, म्हणून तो शब्द आम्ही आहे तसाच ठेवतो. त्याचे रूप अगदी रुक्ष असते. संक्षेपांची एक उतरंड आणि प्रत्येकासमोर एक आकडा. आर-गेन, जी-गेन, बी-गेन. पॅनेलचा प्रकार. बॅकलाइट किती तास जळला. यांतला एखादा आकडा, उदाहरणार्थ पॅनेलचा प्रकार, सहज म्हणून बदलला तर चित्र उलटे होते किंवा रंग असे विस्कटतात की मेनूच वाचता येत नाही. म्हणजे ज्या दाराने आत गेलो तेच दिसेनासे होते. त्यामुळे आत शिरल्यावर आधी सगळे आकडे कागदावर उतरवून घ्यायचे, मगच कशाला हात लावायचा, हा या धंद्यातला पहिला नियम आहे. हस्तलिखितांवर काम करणाऱ्या वाचकांस तो परका वाटणार नाही.

त्या आर-जी-बीच्या आकड्यांबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढे त्यांचे काम पडणार आहे. पांढरा रंग सगळीकडे सारखाच, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात एकाच साच्यातल्या दोन पॅनेलांचा पांढराही सारखा नसतो, एक किंचित निळ्याकडे झुकतो तर दुसरा तांबूसपणाकडे. कारखान्यात मापक लावून तो मोजतात आणि लाल, हिरव्या, निळ्याचे प्रमाण त्या विशिष्ट संचापुरते ठरवून त्याच्या स्मृतीत लिहून ठेवतात. म्हणजे ज्याला आपण 'मूळ पांढरा' म्हणतो, ती खरे तर त्या एका संचापुरती केलेली पाठदुरुस्ती असते.

ही स्मृती राहते कोठे? गेल्या दशकातल्या संचांत ती मोठ्या फ्लॅश चिपमध्ये इतर पसाऱ्याबरोबर असते. त्याआधीच्या पुष्कळ एलसीडी संचांत मात्र तिच्यासाठी आठ पायांची, तुरीच्या डाळीएवढी एक वेगळी चिप असे, २४सी या मालिकेतली. २४सी१६ म्हणजे २०४८ बाइट. युनिकोडच्या नेहमीच्या रीतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते; त्या हिशेबाने या चिपमध्ये ज्ञानेश्वरीच्या दहाएक ओव्या मावाव्यात. एवढ्या जागेत टीव्हीचे सगळे आत्मज्ञान बसवलेले असते. लिहिण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. चारी बाजूंनी विजेला अटकाव करणाऱ्या थराने वेढलेल्या एका कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडायचे. वीज गेली तरी ते तेथून हलत नाहीत. १९६७ साली बेल प्रयोगशाळेत डॉवन कांग आणि सायमन झी यांनी ही कल्पना मांडली, आणि आज खिशातल्या पेन ड्राइव्हपर्यंत सर्वत्र तीच आहे. चिप बनवणारे दहा लाख वेळा लेखन आणि शंभर वर्षांहून अधिक टिकाऊपणाची हमी देतात. ती हमी अर्थातच शांतपणे लिहू दिले तर. लिहिणे चालू असताना वीज गेली की ओळ अर्धवट राहते, आणि भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या किती टीव्हींच्या ओळी अशा तुटल्या असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आणखी एक गंमत. ही चिप पुसली की तिच्यात शून्ये उरत नाहीत. प्रत्येक बिट १ होतो. वाचून पाहिले तर ओळीमागून ओळ एफएफ, एफएफ, एफएफ अशी दिसते. आपण कोऱ्या पाटीला रिकामी समजतो. येथे कोरेपण म्हणजे काठोकाठ भरलेले असणे, आणि लिहिणे म्हणजे त्यात जागोजाग शून्ये पाडणे.

संगणकाच्या पडद्यांत याच जातीच्या चिपमध्ये एक छोटा परिचयलेख असतो. तो मुळात १२८ बाइटांचा. केबल जोडली की संगणक तो वाचतो आणि समोर कोण उभे आहे ते ओळखतो: बनवणाऱ्याची तीन अक्षरांची खूण, कितव्या आठवड्यात जन्म, कोणत्या वर्षी. वर्ष मात्र इसवी सनात नसते. १९९० नंतर किती वर्षे, एवढाच आकडा असतो. पोथीच्या शेवटी लेखनिकाने शक घालावा तसा हा पडद्यांचा स्वतःचा शक आहे, आणि एका बाइटात बसत असल्याने तो २२४५ साली संपेल.

चिपेखेरीज पडद्याला आणखी एक स्मृती असते, ती काचेची. १९६४ साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लोटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी पहिला प्लाझ्मा पडदा घडवला तो करमणुकीसाठी नव्हे, प्लेटो नावाच्या संगणकीय शिक्षणयोजनेसाठी. नळीच्या पडद्यावर चित्र टिकवायचे तर ते सेकंदाला अनेकदा पुन्हा काढावे लागते, म्हणजे ते कोठेतरी साठवूनही ठेवावे लागते, आणि त्या काळी संगणकाची स्मृती फार महाग होती. प्लाझ्माचा ठिपका एकदा पेटवला की त्याच्या भिंतींवर साचलेल्या विद्युतभारामुळे तो, मुद्दाम विझवेपर्यंत, पेटताच राहतो. पडदा स्वतःच स्मृती होता. बिट्झर आणि स्लोटो यांनी १९६६ च्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच या अंगभूत स्मृतीचा उल्लेख केला आहे. पुढे रंगीत प्लाझ्मा टीव्ही आले तेव्हा लोकांना काचेची स्मृती आठवू लागली ती तक्रारीच्या सुरात: वाहिनीचे बोधचिन्ह कोपऱ्यात कायमचे उमटले, क्रिकेटचा धावफलक सिनेमातही दिसतो. हा दोष वेगळा, स्फुरक पदार्थ झिजण्याचा. २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी प्लाझ्मा संच बनवणेच थांबवले. एलसीडीत असा ठसा बहुधा तात्पुरता असतो, काही तास पांढरा पडदा चालू ठेवला की विरतो. पण ही दुसरी स्मृती कोणत्याही मेनूतून पुसता येत नाही. तेथे रिसेट हा शब्दच नाही.

आता थोडे घरचे. एरवी ते येथे आणले नसते, पण सर्व्हिस मेनूशी आमचा संबंध आला तो त्यामुळेच.

आमच्या आईला २०१८ पासून विसर पडू लागला. डॉक्टरांनी त्याला जे नाव दिले ते सर्वांच्या परिचयाचे आहे. दिवसाचा मोठा भाग ती दिवाणखान्यातल्या ३२ इंची एलसीडी टीव्हीसमोर बसे. तो संच २०११ सालचा. अडचण अशी की रिमोटवरच्या सोर्सच्या बटणावर तिचा अंगठा पडे, चित्र जाई आणि निळ्या पडद्यावर 'नो सिग्नल' ही अक्षरे इकडून तिकडे तरंगू लागत. पूर्वी तिने चार बटणे दाबून पाहिली असती. आता ती त्या अक्षरांकडे बघत बसे. कामावरून परत आल्यावर आम्ही विचारले, "केव्हापासून असं आहे?" तर ती म्हणाली, "सिनेमा लागलाय, पण संपतच नाही."

उपाय सर्व्हिस मेनूत होता. पुष्कळ संचांत तेथे हॉटेल मोड नावाचे एक पान असते. हॉटेलातला पाहुणा आज आहे, उद्या नाही. त्याने आवाज टिपेला नेऊन ठेवू नये, जोडण्या बदलू नयेत, म्हणून मालकाला काही गोष्टी आवळून ठेवता याव्यात यासाठी ते पान. संच सुरू होताना कोणता सोर्स असावा, आवाज किती असावा, जास्तीत जास्त किती वाढू द्यावा, संचावरची बटणे चालावीत की नाही, हे तेथे ठरते. आम्ही आधी नियमाप्रमाणे सगळे आकडे एका कागदावर उतरवून घेतले. त्यात बॅकलाइटचे तासही होते, १६,८४०. मग सोर्स सेट-टॉप बॉक्सचा केला, सुरुवातीचा आवाज २२, कमाल ३५. टीव्हीचा रिमोट कपाटात गेला आणि आईच्या हाती फक्त बॉक्सचा रिमोट उरला.

'नो सिग्नल' पुन्हा दिसले नाही. दिवसभर काहीही झाले तरी दुसऱ्या सकाळी टीव्ही त्याच सोर्सवर, त्याच २२ वर सुरू होई. कालचे त्याला काही आठवत नसे. त्याच सुमारास आई स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर बसून विचारू लागली होती, "आपण घरी कधी जायचं?"

या तजविजीचा आम्हांस पूर्ण आनंद झाला असे म्हणवत नाही. शेजारधर्म सांभाळला गेला, आईचे हाल थांबले, हे खरे. पण दुसऱ्या माणसाच्या इच्छेला कमाल मर्यादा घालून त्याला ते कळू न देणे, ही गोष्ट साधी नाही. तिला ऐकू कमी येई, ३५ वर आवाज थबकला की ती बटण दाबतच राही आणि म्हणे, "हा वाढत का नाही रे?" आम्ही कमाल ४५ केली. ४५ वरही तोच प्रश्न. पालक, शिक्षक, संपादक, सगळेच अशा मर्यादा घालत असतात. फरक एवढाच की त्या बहुधा समोर दिसतात, त्यांच्याशी भांडता येते. मेनूआड घातलेल्या मर्यादेशी भांडायचे तर ती आहे हे आधी माहीत हवे.

२०२२ च्या जूनमध्ये वळवाच्या पावसात वीज पाच मिनिटांत तीनदा गेली-आली, आणि संच बिघडला. दिवा लुकलुके, कंपनीचे चिन्ह उमटे आणि पुन्हा अंधार. वहीवाले गृहस्थ आले, मागचे झाकण उघडून त्यांनी ती डाळीएवढी चिप काढली, यूएसबीच्या एका छोट्या प्रोग्रॅमरवर बसवली आणि लॅपटॉपवर वाचून दाखवली. मधला मोठा पट्टा एफएफ, एफएफ. "सर, स्मृती गेलीये, सॉफ्टवेअर मारावं लागेल," ते म्हणाले. आई शेजारीच बसली होती. "कुणाची?" तिने विचारले. "टीव्हीची, आजी," ते म्हणाले, आणि कामाला लागले.

सॉफ्टवेअर मारणे म्हणजे काय, हे आम्हांस तेव्हा नीट कळले. त्याच बोर्डाच्या दुसऱ्या एखाद्या चांगल्या संचातून कोणीतरी कधीतरी उतरवून घेतलेली स्मृतीची नक्कल, जिला ते डंप म्हणतात, ती चिपमध्ये लिहायची. या नकला दुरुस्ती करणाऱ्यांत हातोहात फिरतात. पहिला संच कोणाचा, कोणत्या गावचा, हे कोणी विचारत नाही. पण नकलेबरोबर त्या घराचे सगळे येते: त्यांचा आवाज, त्यांचे तास, त्यांच्या पॅनेलचा पांढरा. म्हणूनच असा दुरुस्त झालेला टीव्ही पुष्कळदा 'चालतो पण रंग पूर्वीसारखे नाहीत' असा वाटतो. लेखनिकाने पोथी उतरवावी आणि तिच्याबरोबर त्याच्या गावची बोलीही शिरावी, तसेच हे.

या गृहस्थांनी मात्र जे केले ते सहसा कोणी करत नाही. त्यांनी दोन्ही डंप लॅपटॉपवर शेजारी शेजारी उघडले, आमचा फाटका आणि दुसऱ्या घरचा धडका, आणि ओळीने ताडून पाहू लागले. आमच्यात पांढऱ्याचे आकडे जेथे असतात ती जागा शाबूत होती. तेवढे बाइट आमच्यातून उचलून त्यांनी दुसऱ्यात बसवले आणि बाकीचे त्याचे राहू दिले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि तेव्हापासून मराठीचा अभ्यास करणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो की नाथांच्या पुढ्यात कोणत्या प्रती होत्या आणि त्यांनी काय ठेवले, काय सोडले. राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपली ज्ञानेश्वरी काढली तीही नाथपूर्व पाठाच्या दाव्याने. नाथांच्या हाताचे ओळीओळीचे टिपण आपल्याजवळ नाही. आमच्या समोर तर संपादक प्रत्यक्ष बसून काम करत होता, एका हातात चहाचा कप धरून. आणि तरी त्याने काय कोठून घेतले याची खूण त्या चिपमध्ये कोठेही राहणार नव्हती. भांडारकर संस्थेच्या महाभारतात सुकथनकरांनी जो पाठ पुरेसा निश्चित वाटला नाही त्याखाली नागमोडी रेघ छापली. मराठी मुलखात झालेल्या विद्याकामांत ती रेघ आम्हांस फार मोठी वाटते. सर्व्हिस मेनूत अशी रेघ मारायला जागा नाही. तेथे उसना आकडा आणि स्वतःचा आकडा एकाच ठशात उमटतात.

मग तासांचा प्रश्न आला. दुसऱ्या घरच्या डंपात ९,२१२ तास होते. गृहस्थांनी विचारले, "सर, तास किती टाकू? शून्य करू?"

प्रश्न दिसतो तेवढा निरुपद्रवी नाही. प्रोजेक्टरमध्ये नवा दिवा बसवला की तास शून्य करायचे असतात, तेथे तेच खरे. जुना संच विकण्याआधी तास शून्य करतात ते मात्र मोटारीचा किलोमीटरचा आकडा मागे फिरवण्यासारखे. सेकंड-हँड बाजारात हे राजरोस चालते आणि घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. क्रिया एकच, बटण एकच. आमचा टीव्ही विकायचा नव्हता, त्यामुळे कोणाची फसवणूक होणार नव्हती. तरी शून्य लिहवेना. ९,२१२ ठेवणेही बरे वाटेना, कारण त्या आकड्यात कोणा अनोळखी घराच्या संध्याकाळी होत्या. आमचा शेवटचा आकडा मधल्या पट्ट्याबरोबर एफएफमध्ये बुडाला होता. अंदाज करता आला असता: रोजचे अमुक तास, गुणिले तीन वर्षे. गृहस्थ म्हणालेही, "साधारण बावीस-तेवीस हजार टाकतो, चालेल."

कपाटातून २०१९ चा तो कागद काढला. त्यावर १६,८४० होते. तर्काने बसवलेल्या पाठापेक्षा कागदावर असलेला पाठ घ्यावा, हे आम्ही वर्गात इतकी वर्षे शिकवत आलो, तेव्हा तोच आकडा सांगितला. त्यांनी तो लिहिला. २०१९ ते २०२२ मधले तास आता त्या संचाच्या हिशेबात नाहीत.

चिप परत जागेवर बसली, झाकण लागले, चित्र आले. पांढरा पूर्वीसारखाच होता. निदान आम्हांस तसा दिसला. आईने गृहस्थांना चहा झाला का म्हणून दुसऱ्यांदा विचारले, आणि ते गेल्यावर टीव्हीचा रिमोट हातात घेतला. तो दुरुस्तीसाठी कपाटातून बाहेर आला होता. दुसऱ्या घरी हॉटेल मोड नव्हता. तिने आवाजाचे बटण दाबून धरले. आकडा ३५ वरून पुढे गेला, ४५ वरून पुढे गेला, ५८ वर तिने अंगठा उचलला. वरच्या मजल्यावर ऐकू गेले असणार. मर्यादा पुन्हा घालायचे काम आम्ही दुसऱ्या दिवसावर टाकले आणि खिडक्या लावून घेतल्या.